फायबर तीनदा भाजला तरी ब्लँकमधले पीक जाईनात (एसपीएमई, हळद आणि बेदाणा)

कृष्णाकाठी
नमस्कार मंडळी. सांगलीत कुपवाड एमआयडीसीकडं एका छोट्या फूड टेस्टिंग लॅबमध्ये असतो, जीसी-एमएस (सॅम्पलमधले घटक वेगळे करून ओळखणारं मशीन) माझ्या गळ्यात आहे. एसपीएमईचा राखाडी हबवाला फायबर आहे आमच्याकडं, म्हणजे सॅम्पलच्या वरच्या हवेतला वास कोटिंगवर ओढून घेणारी बारीक काडी (हबच्या रंगावरून कोटिंग कळतं), कोटिंग डीव्हीबी-कार्बोक्सेन-पीडीएमएस, ५०/३० मायक्रॉनचं, एकुलता एक, त्याच्यावरच हळद पण करतो आणि बेदाणा पण. गेले दोन आठवडे ब्लँकच (सॅम्पलशिवायचा रन) स्वच्छ येईना झालाय. व्हायल (सॅम्पलची छोटी बाटली) रिकामी, आत काही नाही, तरी क्रोमॅटोग्राम, म्हणजे मशीनचा आलेख, उघडला की पीकची (शिखरांची) गणपतीची आरास. पाकिटातल्या कागदावर लिहिल्याप्रमाणं २७० ला एक तास कंडिशन केला, म्हणजे इंजेक्टरमध्ये (मशीनच्या तापलेल्या तोंडात) भाजला, मग परत केला, मग परवा तिसऱ्यांदा. रात्रभर ठेवणार होतो पण लाईटचा भरवसा नाही म्हणून नाही ठेवला. साहेब म्हणतात मिथेनॉलमध्ये बुडव आणि सोनिकेटरला लाव की दहा मिनिटं, त्यात काय एवढं. नवीन मागवूया म्हणालो तर कोटेशन बघून गप्पच बसले. धुऊ का? कुणी धुतलाय का?

मिरज_जंक्शन
सोनिकेटर अजिबात नको रे बाबा. एक सेंटिमीटरची काडी आहे ती, केसापेक्षा थोडी जाड, वरचं कोटिंग नुसतं चिकटून बसलंय. सोनिकेटरमध्ये घातलास तर ब्लँक स्वच्छ येईल खरा, पण फायबरच उरणार नाही म्हणून.

आधी सांग ते पीक कशाचे आहेत. मास (रेणूच्या तुकड्यांच्या वजनाचे आकडे) बघितलेस का? ब्लँक घाण आला की सगळे फायबरलाच शिव्या घालतात, इंजेक्टर उघडून कुणी बघत नाही.

अजिंक्यतारा
मी साताऱ्यातून. रात्रभर नाही ठेवलास ते बरंच केलंस भावा. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला हाच शहाणपणा केला होता, शनिवारी संध्याकाळी फायबर इंजेक्टरमध्ये खोचला, टेंपरेचर लावलं आणि घरी. सिलेंडरमध्ये गॅस किती उरलाय ते बघितलंच नव्हतं. सोमवारी येऊन बघतो तर सिलेंडर रिकामा, इंजेक्टर मात्र तापलेलाच, आणि फायबर काढला तर कांदा करपल्यासारखा. गाईडला सांगायला दोन दिवस लागले मला.

सज्जनगडची_वाट
अजिंक्यतारा, तुमचा कांदा ऑक्सिजननं करपवला. तापलेल्या कोटिंगला हवा लागली की ते संपतंच, म्हणून कंडिशनिंग कायम हेलियम किंवा नायट्रोजन वाहता ठेवूनच करायचं. सेप्टम (इंजेक्टरवरचं रबरी बूच) लीक असेल तरी तेच होतं, फक्त हळूहळू होतं त्यामुळे कळत नाही. आमच्याकडे एका विद्यार्थिनीनं तर फायबर साध्या हॉट एअर ओव्हनमध्ये ठेवला होता, "मॅडम कंडिशनच करायचाय ना, टेंपरेचर तेच आहे" म्हणून.

एक मात्र सांगून ठेवते, पॉलिॲक्रिलेटचा फायबर नवा असताना पांढरा असतो आणि पहिल्या कंडिशनिंगलाच तपकिरी होतो, ते नॉर्मल आहे, तो बघून घाबरू नका. राखाडी हबवाल्याला ती सवलत नाही.

कृष्णाकाठी, तुमचं एक्स्ट्रॅक्शन (वास फायबरवर घेणं) किती डिग्रीला आणि डिसॉर्प्शन (तो इंजेक्टरमध्ये सोडणं) किती मिनिटं?

कृष्णाकाठी
मॅडम, हळद ५० ला ३० मिनिटं. बेदाण्याला वास फार येत नव्हता म्हणून ८० ला ४० मिनिटं केलं. डिसॉर्प्शन दोन्हीला २५० ला २ मिनिटं. (हे लिहितानाच वाटायला लागलंय की इथंच काहीतरी चुकलंय.)

दादा, मास आत्ता बघितले. एक गट ७३, २०७, २८१ चा आहे, तो सगळीकडं पसरलेला. मग एक १४९ आणि १७७ वाला. मग ८३, ११९, २१६, हा आर-टर्मेरोन, हळदीचा, तो तर मी डोळे झाकून ओळखतो. आणि अगदी शेवटी एक बोजड पीक आहे, ५५ मोठा, ८८, १०१, आणि वर २६४.

मिरज_जंक्शन
मग ही एक घाण नव्हे, तीन-चार वेगवेगळ्या जागची आहे. सगळी एकाच फायबरवर घालून तू त्याला भाजतोयस. उद्या चार रन लाव, दुसरं काही करू नकोस. पहिला रन काहीच न टोचता, नुसतं स्टार्ट दाबायचं. दुसऱ्याला सुई टोचायची पण फायबर सुईच्या आतच ठेवायचा, बाहेर नाही काढायचा. तिसऱ्याला फायबर कंडिशन करून लगेच तिथंच बाहेर काढायचा, व्हायल नाही. चौथा तुझा नेहमीचा, रिकाम्या व्हायलवाला. ज्या पायरीवर जो पीक नव्यानं दिसेल त्याचं घर तिथं. पहिल्यात दिसला तर कॉलम (घटक वेगळे करणारी लांब नळी), दुसऱ्यात दिसला तर सेप्टम नाहीतर लायनर (इंजेक्टरच्या आतली काचेची नळी), तिसऱ्यात फायबर, चौथ्यात व्हायल नाहीतर खोलीतली हवा.

सज्जनगडची_वाट
हे अगदी बरोबर. आणि चारही रन एकाच पद्धतीनं, एकाच टेंपरेचर प्रोग्रॅमवर, नाहीतर तुलना होणार नाही.

अजिंक्यतारा
२०७ आणि २८१ म्हणजे सिलोक्सेन, सिलिकॉन रबरातून येणारे, डोळे झाकून सेप्टम. मी पैज लावतो. कंदी पेढ्याची.

कृष्णाकाठी
चार रन झाले. सकाळी आठला आलो होतो, आत्ता जेवायला बसलोय.

पहिला जवळजवळ स्वच्छ, शेवटी तापमान चढतं तिथं बेसलाईन थोडी फुगते तेवढंच, ते कॉलमचं नेहमीचं आहे. दुसऱ्यातच २०७-२८१ उगवले, फायबर बाहेर काढलेला पण नव्हता हो! तिसऱ्यात टर्मेरोन आणि तो शेवटचा बोजड. आणि १४९ वाला फक्त चौथ्यात.

मग इंजेक्टर गार करून उघडला. सेप्टम कधी बदलला होता ते रजिस्टरात बघितलं तर गणपतीच्या आधी. वरून बघितला तर मधोमध भोक नव्हे, चक्क फाटलेला, चांदणीसारखा. लायनर काढून उजेडाकडं धरला तर आत सेप्टमचे तुकडे, चिमट्यानं एकेक काढून टिश्यूवर ठेवले, सात निघाले, मोहरीएवढे दोन आणि बाकी खसखशीसारखे. आणि आणखी एक, लायनरमध्ये ग्लास वूल आहे. म्हणजे इतके दिवस फायबर त्या कापसात घुसत होता काय??

मिरज_जंक्शन
पेढे घ्या अजिंक्यतारावाल्यांनो.

हो, घुसत होता. तुटला नाही हे तुझं नशीब. वूलवाला लायनर लिक्विड इंजेक्शनसाठी असतो. एसपीएमईला सरळ, अरुंद, ०.७५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा लायनर घे, वूल बिल काही नाही. अरुंद असला की गॅस फायबरवरून जोरात जातो आणि सुरुवातीचे पीक पण पसरत नाहीत. सेप्टमचं म्हणशील तर फायबरच्या असेंब्लीची सुई जाड असते, साध्या सिरिंजसारखी अणकुचीदार पण नसते, ती सेप्टम टोचत नाही, कोरते. आधीच भोक पाडलेला सेप्टम मिळतो तो वापर आणि ठराविक इंजेक्शननंतर बदलत जा, दिसायला कितीही चांगला दिसू दे. फायबर आत किती खोल जातो ते पण बघ, मधल्या तापलेल्या भागात यायला पाहिजे, वर राहिला तर तू २५० लावलंस तरी त्याला तेवढं मिळत नाही.

सज्जनगडची_वाट
१४९ आणि १७७ म्हणजे डायइथाइल थॅलेट असणार. हे सुगंधी वस्तूंमध्ये सर्रास असतं. त्या रनमध्ये लिनालूल किंवा बेंझाइल ॲसिटेट पण दिसतंय का बघा बरं. आणि लॅबमध्ये कुणी अत्तर, रूम फ्रेशनर, उदबत्ती असं काही?

कृष्णाकाठी
मॅडम तुम्ही सीसीटीव्ही बसवलाय का आमच्याकडं 🙏

दसऱ्याला खंडेपूजन केलं. जीसीला हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि उदबत्तीचं घर कुठं ठेवलं तर व्हायलच्या रॅकसमोर. व्हायली झाकणं न लावता उघड्या होत्या. लिनालूल आहे, बेंझाइल ॲसिटेट पण आहे, दोन्ही त्याच रनमध्ये. मी इतके दिवस ते हळदीचेच बारके पीक समजून सोडून देत होतो.

अजिंक्यतारा
जीसीला हळदकुंकू लावून वर त्याच्यातच टर्मेरोन शोधतोयस म्हणजे कमाल आहे 😂

सज्जनगडची_वाट
हसू नका, आमच्याकडेही झालंय. मागे एक पीक महिनाभर छळत होता, मास १४६, लसणातला डायअलाइल डायसल्फाइड निघाला. शोधत शोधत गेलो तर शिपाई मामा दुपारी शेजारच्या टेबलावर भडंगाची पुडी सोडायचे, आणि आमचा होल्डर तिथंच, फायबर चुकून थोडा बाहेर राहिलेला. हा फायबर हवेतलं ओढून घेण्यासाठीच केलाय, समोर भडंग आहे का सॅम्पल आहे ते त्याला कसं कळणार. म्हणून काम झालं की फायबर सुईच्या आत घ्यायचा, सुईचं टोक सेप्टमच्या तुकड्यात खुपसून ठेवायचं, आणि सकाळी पहिल्या सॅम्पलच्या आधी पाच-दहा मिनिटं तरी भाजायचा, आदल्या दिवशी कितीही स्वच्छ ठेवला असला तरी.

व्हायली धुऊन रात्रभर ११०-१२० च्या ओव्हनमध्ये ठेवा आणि गरम असतानाच झाकणं लावा.

कृष्णाकाठी
ठीक. सेप्टम, लायनर, व्हायली हे समजलं. आता राहिला तिसऱ्या रनवाला. टर्मेरोन आपलाच आहे, पण शेवटचा ८८, १०१, २६४ वाला कळेना. मशीनमधली मासची लायब्ररी म्हणते इथाइल ओलिएट. हळदीत मला हा कधी दिसला नव्हता. ओलिएट आलं कुठून?

द्राक्षवाला_तासगाव
नमस्कार साहेब लोकहो. मला तुमचं ते जीसी फिसी काय कळत न्हाई, मी आपला पुतण्यानं लिंक पाठवली म्हणून वाचत बसलोय. पण इथाइल ओलिएट म्हणजे आमचं डिपिंग ऑइल की ओ! बेदाणा करताना द्राक्षाचा घड पाण्यात बुडवतो आम्ही, एका लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. त्यानं मण्याच्या सालीवरचा मेणाचा थर ढिला होतो आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. न्हाईतर नुसता घड जाळीवर टाकला तर महिना गेला तरी वाळत न्हाई, बुडवला की पंधरवड्यात शेडवरनं उतरतो. डब्यावरच लिहिलेलं असतंय बगा इथाइल ओलिएट. तुमच्या कागदावर आमचंच पीक आलंय.

मिरज_जंक्शन
दाजी, लाख बोललात. आम्ही दोन दिवस लायब्ररी चाळत बसलो असतो.

सज्जनगडची_वाट
वा! मग सगळं जुळलं. आता हे नीट समजून घ्या, कारण साहेबांच्या मिथेनॉलचं उत्तर पण यातच आहे.

तुमच्या फायबरमध्ये दोन थर आहेत, बाहेर डीव्हीबी आणि आत कार्बोक्सेन. कार्बोक्सेनची भोकं फार बारीक, ती हलक्या, उडून जाणाऱ्या रेणूंसाठी. मोठे रेणू बाहेरच्या डीव्हीबीनं धरायचे, असा विचार आहे. पण बाहेरचा थर भरला, किंवा तुम्ही खूप वेळ आणि खूप गरम एक्स्ट्रॅक्शन केलंत, की बोजड रेणू आत कार्बोक्सेनपर्यंत जाऊन बसतात आणि तिथून ते सहज निघत नाहीत. पाहुणा एकदा माजघरात शिरला की उठत नाही तसं. इथाइल ओलिएटचा रेणू वजनानं ३१० चा, टर्मेरोन २१६-२१८ चा. ८० डिग्रीला ४० मिनिटं तुम्ही त्याला आग्रहानं आत बोलावलंत, आणि २५० ला दोनच मिनिटांत जा म्हणालात. तो गेला नाही. थोडा थोडा दर रनला बाहेर येतोय, ब्लँकमध्ये दिसतोय तो तोच.

कंडिशनिंगमधून तो थोडा कमी होईल, पण कंडिशनिंग आणि डिसॉर्प्शन ही वेगळी कामं आहेत हे लक्षात ठेवा. नवा फायबर तासभर भाजतो तो कारखान्यातून कोटिंगमध्ये राहिलेलं काढायला. रोजच्या सॅम्पलची घाण त्याच सॅम्पलच्या पाठोपाठ काढायची असते, महिनाभर साठवून एकदम नाही. म्हणजे डिसॉर्प्शन २६०-२७० ला पाच मिनिटं, आणि मग फायबर तिथंच ठेवून स्प्लिट (इंजेक्टरमधला गॅस बाहेर सोडणारी वाट) पूर्ण उघडा करून आणखी दहा मिनिटं, त्या वेळात जीसीचा रन चालूच असतो, वेळ वाया जात नाही. २७० च्या वर मात्र नको, या फायबरची मर्यादा तीच आहे. १०० मायक्रॉन पीडीएमएस, लाल हबवाला, २८० पर्यंत चालतो पण कंडिशन २५० ला अर्धा तास पुरतं. काळा हबवाला कार्बोक्सेन-पीडीएमएस ३०० ला तासभर. ज्याचा त्याचा कागद वाचायचा, एकाचा नियम दुसऱ्याला लावायचा नाही.

मिथेनॉल: हेडस्पेससाठी (सॅम्पलच्या वरची हवा घेताना) धुण्याची गरजच नाही, कारण फायबर सॅम्पलला शिवतच नाही. थेट द्रवात बुडवत असाल, साखर-मीठ असलेल्या, तर डिसॉर्प्शनच्या आधी साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये क्षणभर खळबळून घ्या, नाहीतर साखर इंजेक्टरमध्ये जळून कोटिंगवर बसते. सॉल्व्हंटमध्ये कोटिंग फुगतं, आणि फुगलेला फायबर सुईत ओढला की सुईच्या कडेला सोलवटून निघतो. डायक्लोरोमिथेनसारखे क्लोरीनवाले तर फायबर ज्या इपॉक्सीनं चिकटवलाय तीच सोडवतात. टिश्यूनं पुसणं वगैरे तर विचारूच नका.

अजिंक्यतारा
मॅडम एक शंका, इंजेक्टरमध्येच भाजला तर ती सगळी घाण कॉलमवर जात नाही का? आमच्याकडं दुसरा इंजेक्टर कॉलमशिवाय बूच लावून ठेवलाय, त्यात भाजतो.

सज्जनगडची_वाट
ते उत्तमच. ज्यांच्याकडे एकच आहे त्यांनी स्प्लिट मोठा ठेवायचा म्हणजे बहुतेक बाहेर जातं, आणि ओव्हन गरम ठेवायचा म्हणजे जे कॉलमवर जाईल ते तिथं न थांबता पुढं निघून जाईल. मग एक रिकामा रन.

मिरज_जंक्शन
एक जुनी गोष्ट. आमच्या वेळी हेडस्पेस म्हणजे गॅसटाईट सिरिंज, हात भाजायचे. कॅनडातल्या वॉटरलू युनिव्हर्सिटीच्या पॉलिशिन यांचा हा एसपीएमईचा पेपर १९९० चा, बाजारात फायबर आला १९९३ ला. आमच्याकडं पहिला आला तेव्हा आम्ही तो डबीतून काढायलाच भीत होतो, चार जण भोवती उभे राहून बघायचे. आता पोरं सोनिकेटरला लावतात.

कृष्णाकाठी
दादा मी नाही, साहेब!

कृष्णाकाठी
अपडेट. नवा सेप्टम, अरुंद लायनर, व्हायली भाजलेल्या, उदबत्तीचं घर साहेबांच्या केबिनमध्ये. २०७-२८१ गेले, १४९ गेला, बेसलाईन बघून डोळ्यात पाणी आलं. टर्मेरोन २७० च्या दुसऱ्या भाजणीला गेला. ओलिएट मात्र चिवट. दर भाजणीनंतर ब्लँक काढत गेलो, पहिल्या तीन वेळा चांगला घसरला, साधारण निम्मा निम्मा होत, मग तिथंच अडकला, नुसता २६४ चा आयन वेगळा काढून बघितला तर टेकडी अजून दिसतेच.

भिंगाखाली पण बघितला. कोटिंग टोकाकडं जरा खरवडल्यासारखं आहे, दोन मिलिमीटरभर, वूलमुळंच असणार. बाकी शाबूत. आता हा टाकायचा का ठेवायचा?

मिरज_जंक्शन
टाकू नको. पण हळदीला नको वापरू. टोक खरवडलंय म्हणजे आधीच्या आकड्यांशी आता तुलना पण होणार नाही, पृष्ठभागच कमी झाला की. बेदाण्याला ठेव, तिथं ओलिएट तसाही येणारच आहे. नव्या सॅम्पल पद्धती जमवायला, पोरांना शिकवायला तो चालतो. हळदीला नवा मागव आणि पहिल्या दिवसापासून वही ठेव, तारीख, कितवं इंजेक्शन, ब्लँक कसा.

सज्जनगडची_वाट
आणि बेदाण्याचं ८० वरून ४०-५० वर आणा. वास कमी येतो म्हणून तापवलंत, पण तापवून वास कमी आणि तेलच जास्त आलं. बेदाणा बारीक कापून थोडं पाणी घातलंत तर कमी तापमानाला पण वास निघेल. आणि तुम्हाला ओलिएटच मोजायचा असेल तर तो वेगळा विषय, त्याला हा फायबर नकोच.

कृष्णाकाठी
साहेबांना फाटलेला सेप्टम आणि ते सात तुकडे टिश्यूसकट नेऊन दाखवले. सात तुकडे बघून कोटेशनवर सही केली. जुन्या फायबरच्या होल्डरला लाल दोरा बांधलाय आणि डबीवर मार्करनं "बेदाणा" लिहिलंय.

द्राक्षवाला_तासगाव
साहेब मग एक विचारू का, आमच्या बेदाण्यात हे तेल राहतं का शेवटी, आणि राहिलं तर किती, ते तुमच्या या काडीनं कळंल का? यंदा दोन शेडचा माल आहे, एकात पोरानं तेल जरा जास्तच ओतलंय असा माझा संशय आहे.

कृष्णाकाठी
दाजी, काडीनं आहे का नाही एवढं नक्की कळतंय, ते तर दोन आठवडे बघतोय मी. किती आहे ते सांगायला मोजून तेल घातलेले नमुने आधी करायला लागतील, आणि ते सॉल्व्हंटमध्ये काढून केलेलं बरं. तुम्ही असं करा, दोन्ही शेडचा पाव-पाव किलो वेगळ्या काचेच्या बरणीत आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. आणि बरणीवर शेडचा नंबर घाला, कुठल्यात तेल जास्त आहे ते मला आधी सांगू नका.